बाराखडी तोंडपाठ, पण ‘लाल बस आली’ वाचता येत नाही: पहिलीच्या वर्गात काय बदलावे?

फळा_आणि_खडू (प्रश्न)

नमस्कार. धुळे जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. पहिलीची ११ मुले, दुसरीची ९. बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलतात.

दिवाळीपर्यंत मुळाक्षरे झाली, नंतर रोज बाराखडी. मुले तालात, न चुकता म्हणतात. पण फळ्यावर ‘कान’ लिहिले की ‘क ला काना का, न’ असे म्हणून थांबतात. शब्द काही तयार होत नाही. ‘कु’वर बोट ठेवले तर ‘क, का, कि, की’ असे मोजत मोजत तिथे पोहोचतात. दुसरीतली चार मुलेही याच टप्प्यावर आहेत. फळ्यावरचे उतरवून मात्र सगळी छान काढतात, अक्षर वळणदार आहे.

भाषेसाठी रोज एक तास सलग मिळतो. अक्षरांचा क्रम बदलावा का? बदलला तर कोणता घ्यावा? त्या तासात नेमके काय काय करावे? साहित्य कार्डशीट आणि स्केचपेन यापलीकडचे नको, एवढी विनंती.

---

अक्षरगट

मॅडम, मुलांना अक्षरे येत नाहीत असे नाही. त्यांना तक्ता येतो. बाराखडीचा पूर्ण तक्ता म्हणजे चारशेहून जास्त घरे. मूल ती पाढ्यासारखी साठवते, म्हणून मधले घर हवे असले तरी पहिल्यापासून चालत यावे लागते. ‘क ला काना का’ हे तर चिन्हाचे नाव आहे. वाचताना नाव मध्ये आले की आवाजांची साखळी तुटते. ‘क-ला-काना-का-न’ यातून ‘कान’ ऐकू येणार कसा?

क्रम नक्की बदला. थोडी व्यंजने आणि एक स्वरचिन्ह एकत्र घ्यायचे आणि त्यांच्यापासून लगेच शब्द करायचे. अशी विभागणी बरेच जण करतात, प्रत्येकाचे गट थोडे वेगळे असतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन आणि प्रगत शिक्षण संस्था, पालघर जिल्ह्यात सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था, यांनी मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांचे साहित्य मिळाले तर जरूर बघा. तोवर हे तीन गट उद्यापासून वापरता येतील.

पहिला गट: म, न, क, र आणि काना. चार अक्षरे दोन रूपांत, म्हणजे फक्त आठ आकार. त्यातून कान, नाक, मान, काम, मका, मन, काका, मामा, नाना, राम, रमा, कर, करा, नमन. वाक्यही होते: ‘मामा, काम करा.’

दुसरा गट: ब, स, ल, दीर्घ वेलांटी आणि स्वतंत्र ‘आ’. बस, लाल, रस, बाक, मासा, बाबा, काकी, मामी, बकरी, बारीक, आला, आली. तुमच्या शीर्षकातले ‘लाल बस आली’ इथेच वाचून होते.

तिसरा गट: त, प, ण, ळ, मात्रा आणि ‘ई’. पाणी, केळी, तेल, बाळ, सकाळ, माती, पाने, काळा. ‘आईने पाणी आणले.’ ‘मी केळी आणली.’

तीन गट झाले की अकरा व्यंजने, तीन चिन्हे आणि आ, ई मिळून ४६ आकार होतात, आणि तेवढ्यांत लहानशी गोष्ट लिहिता येते. तुमच्या मुलांनी आकार पाहिलेले आहेत, त्यामुळे एका गटाला आठ-दहा दिवस पुरावेत. अगदी नव्या वर्गाला पहिल्या गटासाठी तीन आठवडेही लागतात. तिथे घाई करू नये.

गट करताना दोन गोष्टी पाळल्या आहेत. दिसायला सारखी अक्षरे एका गटात येऊ द्यायची नाहीत: म-भ, घ-ध, थ-य, ब-व, ड-ङ, ट-ठ-ढ. ‘ख’सुद्धा र आणि व यांच्यापासून लांब ठेवावा, नाहीतर ‘खण’ चा ‘रवण’ होतो. न आणि त सारखे दिसतात, म्हणून न पक्का झाल्यावर तिसऱ्या गटात त.

दुसरी गोष्ट चिन्हांच्या क्रमाची. काना, दीर्घ वेलांटी, मात्रा, मग काना-मात्रा, मग दोन्ही उकार, आणि ऱ्हस्व वेलांटी त्यानंतर. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून बोट फिरवणारे मूल ‘दिवा’ला अडखळते किंवा ‘इदवा’ म्हणते. शिवाय ‘आणि’सारखे थोडे अपवाद सोडले तर मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घच असतो, त्यामुळे नुसती दीर्घ वेलांटी आली तरी आली, गेली, पाणी, माती असे ढीगभर शब्द हाती लागतात.

चिन्ह शिकवताना ‘म ला काना’ म्हणायचे नाही. ‘म’ दाखवा, मुले ‘म’ म्हणतील. काना लावा, मुले ‘मा’ म्हणतील. काढा, ‘म’. लावा, ‘मा’. यासाठी पारदर्शक फाईलचे जुने कव्हर घ्या. अक्षराचे कार्ड ३ × ४ इंचांचे असेल तर प्लास्टिकचा तुकडाही तेवढाच कापा आणि त्यावर पर्मनंट मार्करने फक्त काना काढा. साधा स्केचपेन प्लास्टिकवर पुसला जातो. तुकडा कार्डावर ठेवला की ‘म’चा ‘मा’, उचलला की परत ‘म’. सगळ्या कार्डांवर अक्षर एकाच जागी आणि एकाच उंचीचे काढा, नाहीतर काना एका अक्षराला चिकटतो आणि दुसऱ्यापासून लांब पडतो. पुढे उकाराच्या वेळी ‘र’चे कार्ड यातून वगळा. रु आणि रू यांत उकार खाली न लागता पोटाशी लागतो, म्हणून ती दोन कार्डे वेगळी करावी लागतात.

---

गोष्टवेळ

गटांबद्दल वर आलेच आहे. पण पूर्ण तास गटावर घालवू नका. साधारण अशी वाटणी करा: १५ मिनिटे मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे, २० मिनिटे अक्षरगट, १५ मिनिटे लेखन, उरलेली १० मिनिटे मुलांनी स्वतः पुस्तके हाताळणे. पहिली-दुसरी एकत्र असल्यामुळे गोष्ट आणि लेखन सगळ्यांना मिळूनच. अक्षरगटाच्या वीस मिनिटांत मात्र इयत्ता विसरा. दुसरीतली ती चार मुले पहिलीच्या मुलांबरोबर बसतील, बाकीची पाच तेवढ्या वेळात जोडीने वाचतील.

गोष्ट वाचायची, सांगायची नाही. फरक मोठा आहे. सांगताना आपण बोलीत, हातवारे करत सांगतो. वाचताना छापलेले शब्द तसेच्या तसे येतात, आणि उद्या तीच गोष्ट पुन्हा वाचली की तेच शब्द तिथेच येतात. छापलेले बदलत नाही, हे मुलाला इथे कळते. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांना हे दुसरीकडे कुठे कळणार?

यासाठी मोठे पुस्तक हवे. कार्डशीट २२ × २८ इंचांची येते. ती मधोमध कापली की २२ × १४ ची दोन पाने. चार शीटची आठ पाने, पाठपोट लिहायचे नाही, मार्कर पलीकडे उमटतो. एका पानावर एकच वाक्य, अक्षराची उंची निदान ४ सेंटीमीटर, दोन शब्दांमध्ये चार बोटे जागा. ही जागा कमी पडली की शिरोरेषा एकमेकींना भिडल्यासारख्या दिसतात आणि शब्द कुठे संपला ते मुलाला कळत नाही. चित्र वर, वाक्य खाली. शिवायला सुतळी, भोके कडेपासून इंचभर आत, नाहीतर पान आठवड्यात फाटते.

मजकूर स्वतः लिहायचा नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर पहिल्या स्तराच्या मराठी गोष्टी फुकट मिळतात. पाने मोठी करून उतरवून घ्या.

एक गोष्ट चार दिवस चालवा. पहिल्या दिवशी मुखपृष्ठ दाखवून ‘यात काय होईल?’ विचारायचे आणि न थांबता वाचायचे. दुसऱ्या दिवशी काठी शब्दाखालून सरकवत. काठी शिरोरेषेवर ठेवली तर मात्रा, वेलांट्या झाकल्या जातात आणि अगदी अक्षराला टेकवली तर उकार, म्हणून काठी ओळीच्या बोटभर खालून जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी ओळीतला एक शब्द कागदाच्या पट्टीने झाका, मुले अंदाज करतील, मग पट्टी डावीकडून हळूहळू सरकवा. पहिले अक्षर दिसले की अंदाज बदलतो. हा क्षण मोलाचा आहे, कारण अर्थ आणि अक्षर ही दोन्ही कामे मूल तेव्हा एकदम करत असते. चौथ्या दिवशी मुले वाचतील, तुम्ही फक्त काठी धरा.

शेवटी ‘या गोष्टीपासून काय शिकलात?’ हा प्रश्न नको. मुले ‘खोटे बोलू नये’ हे उत्तर गोष्ट न ऐकताही देतात. ‘शेळी पळाली नसती तर?’ विचारा, मग ऐका काय येते ते.

---

जुना_पट

बाराखडीवर इतका राग का? पिढ्यान् पिढ्या मुले तिच्यावरच वाचायला शिकली. पालक येऊन ‘बाराखडी म्हणून दाखव’ म्हणतात, तेव्हा काय सांगायचे? आणि पुस्तकातला क्रम सोडला तर तपासणीला काय दाखवायचे?

---

अक्षरगट

सर, बाराखडी टाकून द्या असे म्हणणे नाही, ती उशिरा आणा. तीन-चार गट झाले की मुलांनाच तक्ता भरू द्या: डावीकडे माहीत असलेली व्यंजने, वर माहीत असलेली चिन्हे, बाकी घरे रिकामी. ‘ळ’ची ओळ आणि मात्रेचा रकाना जुळतो तिथे ‘ळे’ येणार, हे मुलाने शोधले की तक्त्यामागचे तत्त्व कळते. तेव्हा बाराखडी उपयोगाची, कारण न पाहिलेला आकारही त्याला बनवता येतो. ज्या पिढ्यांचे तुम्ही म्हणता, त्यांतली अनेक मुले बाराखडी घोकून वाचायला शिकली आणि अनेक मुले बाराखडी घोकूनच शाळा सोडून गेली. तालावर म्हणणारी सगळी मुले तपासणीच्या दिवशी सारखीच दिसतात.

पालकांना आठ आकारांतले वाक्य मुलाकडून वाचून दाखवा. ‘मामा, काम करा’ हे पोराने स्वतः वाचले की तक्ता कुणी विचारत नाही.

तपासणीचे म्हणाल तर निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानाच्या २०२१ च्या मार्गदर्शनात पहिलीच्या अखेरीचे लक्ष्य आहे: चार-पाच सोप्या शब्दांचे, आधी न पाहिलेले छोटे वाक्य वाचणे. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थासह. बाराखडी म्हणून दाखवणे हे त्यात कुठेच नाही. पाठ्यपुस्तकातल्या कविता, चित्रे, गप्पांचे पाठ तोंडी घेत राहा, क्रम फक्त अक्षर-ओळखीचा बदलतो.

---

बालवाडीताई

एक पायरी राहिली आहे, ती कानांची. ज्या मुलाला ‘कमळ’ शब्दाचे तीन तुकडे ऐकू येत नाहीत त्याला फळ्यावरची तीन अक्षरे कितीही दाखवली तरी जोडता येत नाहीत. रोज पाच मिनिटे, पाटी-पेन्सिल न घेता:

शब्दाला टाळ्या. घर दोन, कमळ तीन, भाकर तीन. टाळी बोलताना वाजली पाहिजे, बोलून झाल्यावर मोजून नाही.

पहिला आवाज वेगळा काढणे: ‘पाणी, पाटी, माती’ यांत वेगळा कोण? पर्याय तीनच ठेवा, चार झाले की मुले विसरतात. आणि उलटा खेळ: तुम्ही ‘मा…सा’ असे तोडून म्हणा, मुले जोडून ‘मासा’ म्हणतील. वाचताना नेमके हेच जोडायचे असते, त्यामुळे तुमच्या त्या चार मुलांनी हा खेळ सगळ्यात जास्त खेळावा.

चिंचोके वापरा. एका ओळीत तीन चिंचोके, ‘कमळ’ म्हणत एकेक पुढे सरकवायचा. मग ‘म कुठे आहे?’ मधल्यावर बोट. मग त्या चिंचोक्याच्या जागी म चे कार्ड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अशाच भोवतालच्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. चिंचोक्याला खर्च नाही आणि हरवला तर कुणी रागावत नाही.

हजेरी नावपट्ट्यांनी घ्या. ३ × ७ इंचांची पट्टी, एका कार्डशीटमधून २८ निघतात. आल्यावर मुलाने ढिगातून आपली पट्टी शोधून भिंतीवरच्या दोरीला लावायची. नावात जोडाक्षर असले तरी चालते, स्वतःचे नाव मूल आधी चित्रासारखे ओळखते. पट्टीवर फोटो किंवा फुलाचे चित्र मात्र चिकटवू नका, मूल चित्र बघते आणि अक्षरांकडे ढुंकूनही पाहत नाही.

---

फळा_आणि_खडू

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. लेखनाच्या १५ मिनिटांत उतरवून काढणे बंद करायचे का? आणि अहिराणीचे काय करायचे? मुले बोलतात भरपूर, पण ‘वाक्य सांगा’ म्हटले की गप्प होतात.

---

खानदेशी_पाटी

अहिराणीतच वाक्य घ्या. गप्प होण्याचे कारण सरळ आहे: ‘वाक्य सांगा’ याचा अर्थ मुलांच्या लेखी ‘पुस्तकातल्यासारखे बोला’ असा असतो.

असे करा. ‘काल घरी काय झालं?’ असे विचारा. एखादे मूल म्हणेल, ‘मन्ही माय वावरमा गयी.’ ते फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहा, लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत. सुधारायचे नाही. मग काठी फिरवत सगळ्यांनी वाचायचे. वाचता न येणारे मूलही हे वाचते, कारण वाक्य त्याचेच आहे. आता तेच कागदाच्या पट्टीवर लिहून चार तुकडे करा: मन्ही / माय / वावरमा / गयी. तुकडे मिसळा, मुलांनी पुन्हा लावायचे. ‘गयी माय मन्ही वावरमा’ लागले की वर्ग हसतो आणि दुरुस्ती मुलेच करतात.

दुसऱ्या दिवशी खाली प्रमाण मराठीची पट्टी: माझी / आई / शेतात / गेली. शब्दाखाली शब्द बरोबर बसतो. ‘वावरमा’ आणि ‘शेतात’ शेजारी ठेवून विचारा, ‘मध्ये’ हे सांगणारा तुकडा कुठे आहे? ‘मा’ आणि ‘त’. सहा वर्षांची मुले हे दाखवतात. घरची भाषा चुकीची नाही आणि शाळेची भाषा परकी नाही, हे त्यांना पट्ट्यांवरच दिसते.

एक अडचण सांगून ठेवावी. ‘मन्ही’त जोडाक्षर आहे, जे तुमच्या गटात यायला अजून वेळ आहे. हरकत नाही. अशी वाक्ये पूर्ण शब्द म्हणून वाचायची, अक्षर फोडायला वापरायची नाहीत. दोन्ही कामे एकाच पट्टीवर करायला गेलात की गोंधळ होतो. फोडून वाचण्यासाठी गटाचे शब्द, अर्थासाठी मुलांची वाक्ये. पट्ट्यांचा रंगही वेगळा ठेवा.

---

रेघ_आणि_वळण

उतरवणे बंद करा, निदान या तासापुरते. वळणदार अक्षरात फळा उतरवणाऱ्या मुलाला मधला एक शब्द झाकून ‘हा कोणता होता?’ विचारा. बहुतेकदा सांगता येत नाही, कारण त्याने चित्र काढलेले असते. तो हात तयार आहे हे चांगलेच, आता त्याला स्वतःचे काही लिहू द्या.

विषय छोटा द्या: ‘तुला काय आवडतं?’ आधी चित्र, मग त्याखाली जसे येईल तसे. कुणी रेघोट्या मारेल, कुणी येणारी दोन अक्षरे परत परत काढेल, कुणी याच्यासारखे लिहील:

‘मला अबा अवत’

हे ‘मला आंबा आवडतो’ आहे. आता नीट बघा. ‘मला’ पूर्ण बरोबर, ल चा काना जागेवर. ‘बा’ही बरोबर. म्हणजे व्यंजनाला काना लावणे पक्के आहे. पण आंबा आणि आवडतो, दोन्हीकडे ‘आ’च्या जागी ‘अ’. याचा अर्थ काना हा स्वतंत्र ‘आ’तही असतो, हे अजून जुळलेले नाही. अनुस्वार नाही, ‘ड’ नाही, ‘तो’चा ‘त’. अनुस्वार, ड आणि काना-मात्रा शिकवलेलेच नसतील तर ती चूकच नव्हे. उद्याचे काम एकच: आला, आली, आई यांतला ‘आ’. लाल पेनने पाच गोल केलेत तर मूल उद्या ‘मला’ एवढेच लिहील, कारण त्यात चूक होत नाही.

मुलाकडून आधी वाचून घ्या, ‘काय लिहिलंस?’ मग त्याच्या देखत खाली लहान अक्षरात बरोबर वाक्य लिहा आणि तो दोन्हींत काय सारखे आहे ते शोधेल. कागदावर तारीख टाकून जपून ठेवा. दोन महिन्यांनी शेजारी ठेवले की पालकसभेला वेगळे काही सांगावे लागत नाही.

अक्षर काढताना शिरोरेषा शेवटी, आणि ती अक्षराअक्षराला नव्हे तर पूर्ण शब्दाला एकदम. मूल प्रत्येक अक्षराला टोपी घालत गेले की शब्द तुटक दिसतो आणि वाचतानाही ते तसेच तोडून वाचते.

अजून एक, सरावपत्रके संगणकावर करत असाल तर. पाठ्यपुस्तकात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असतो, २००९ च्या शासन निर्णयानेही तीच रूपे प्रमाण ठरवली. संगणकातल्या अनेक फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळणाचा ल आणि श उमटतो. आपल्या डोळ्यांना फरक जाणवत नाही, पहिलीच्या मुलाला ते नवेच अक्षर वाटते. छापण्याआधी ही दोन अक्षरे तेवढी बघून घ्या.

---

गोष्टवेळ

आंब्याचे उदाहरण फारच नेमके. त्यात एवढीच भर: शब्दाखाली बरोबर लिहिताना ‘चूक’, ‘बरोबर’ हे शब्द उच्चारू नका. ‘मी असं लिहिते’ एवढे पुरते.

---

फळा_आणि_खडू

पहिल्या गटाची कार्डे झाली. ‘कान’, ‘मका’ जोडून येऊ लागले. ‘नमन’ला मात्र ‘न-म-न’ वर अडकतात, आणि दुसरीतला एक मुलगा ‘करवत’ असे वाचतो की चारही अक्षरे सुटी ऐकू येतात, शब्द कळत नाही. हे का होते? आणि प्रगती मोजायची कशी, म्हणजे पाठ झालेले आणि वाचलेले यांत फरक कळेल?

---

अक्षरगट

हे मराठी लिपीचे खास दुखणे आहे. लिहिताना प्रत्येक व्यंजनात ‘अ’ असतो, बोलताना तो अनेक ठिकाणी गळतो. ‘नमन’ आपण ‘नमन्’ म्हणतो, ‘करवत’ तर ‘कर्-वत्’. मूल लिहिलेले इमानदारीने पूर्ण वाचते, आणि तसा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो.

उपाय: तीन अक्षरी शब्द आधी सावकाश, लगेच दुसऱ्यांदा भरभर म्हणायला लावा, आणि विचारा, ‘असा कोणता शब्द तू ऐकलायस?’ चार अक्षरी शब्द दोन-दोन तोडा: कर-वत, सर-बत, मख-मल. कार्डावर मधोमध हलकी घडी घाला, घडी दुमडून आधी ‘कर’, मग ‘वत’, मग घडी उघडून पूर्ण. शेवटी काना-वेलांटी असलेला तीन अक्षरी शब्द वेगळा वागतो: मुलगा, बकरी यांत मधल्या अक्षरातला ‘अ’ गळतो, ‘मुल्-गा’, ‘बक्-री’. नियम सांगू नका, शब्द मुलाच्या ओळखीचा असेल तर कान आपोआप दुरुस्त करतो. म्हणून सुरुवातीला अनोळखी शब्द वाचायला देऊ नयेत. ‘नमन’ मुलांच्या बोलण्यात नसेल तर तो शब्द काढून टाका, चूक माझ्या यादीची. ‘मका’, ‘नाक’ पुरेसे आहेत.

‘च’ आणि ‘ज’ शिकवाल तेव्हाही हेच. चमचा, चाक यांतला च वेगळा, चहा, चार यांतला वेगळा. अक्षर एक, आवाज दोन. दोन्ही पहिल्याच दिवशी चित्रांसह दाखवा.

मोजण्यासाठी दर पंधरा दिवसांनी एका मुलाला पाच मिनिटे. एका कागदावर झालेल्या गटांतले दहा आकार, क्रम विस्कटून. त्याखाली गटातले पाच शब्द, त्यांतले दोन वर्गात कधीच न वाचलेले. मग दोन वाक्ये. शेवटी दोन निरर्थक शब्द, ‘लामक’, ‘कीबा’ असे. ‘हे राक्षसाचं नाव आहे, वाच बघू’ म्हटले की मुले आनंदाने वाचतात. ओळखीचे शब्द येतात आणि ‘लामक’ येत नाही, तर मूल शब्द चित्रासारखे ओळखते आहे, त्याला जोडण्याचा सराव हवा. ‘लामक’ येते आणि वाक्य वाचून ‘काय आलं?’ याला उत्तर नाही, तर जोडणे जमले आहे, गोष्टीची वेळ वाढवा. दहांपैकी निदान सात आकारही येत नसतील तर पुढचा गट थांबवा. वहीत मुलाच्या नावापुढे फक्त अडलेले आकार लिहा, गुण नकोत. ११ मुलांच्या पानावर ‘ळ’ सात वेळा दिसला की सोमवारी काय घ्यायचे ते ठरलेले असते.